भांडी, गुलाब आणि वॉर्सा

फेब्रुवारी १९४५चा दुसरा आठवडा. याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन युद्धानंतरच्या जगाची वाटणी ठरवायला बसले होते. लंडनवर जर्मनीची रॉकेटे अजून पडत होती. अशा वेळी ‘ट्रिब्यून’ या डाव्या विचारांच्या ब्रिटिश साप्ताहिकात जॉर्ज ऑर्वेलने आपल्या सदरासाठी विषय कोणता घ्यावा? जेवणानंतरची खरकटी भांडी विसळणे!

त्याची तक्रार साधी होती. माणसाने विमाने केली, पाणबुड्या केल्या, पण रोज दोन-तीन वेळा तीच ताटे, तेच पेले घासत बसण्याच्या कटकटीतून सुटायची युक्ती काही त्याला सुचली नाही. कपडे जसे लाँड्रीत जातात तशी भांडी का जाऊ नयेत? रोज सकाळी नगरपालिकेची गाडी दाराशी यावी, खरकट्या भांड्यांची पेटी घेऊन जावी आणि तुमच्या नावाच्या आद्याक्षराची खूण केलेली स्वच्छ भांड्यांची पेटी ठेवून जावी, अशी त्याची योजना होती. गंमत वाटते खरी. पण योजना त्याने गंमत म्हणून मांडलेली नव्हती. लक्षावधी बायकांचे रोजचे कित्येक तास मोरीत वाया जातात, हा प्रश्न त्याला याल्टाइतकाच राजकीय वाटत होता. इंग्लंडातल्या मध्यमवर्गाच्या घरातली मोलकरीण युद्धाच्या काळात कारखान्यात गेली, तेव्हा कुठे त्या वर्गातल्या लेखकांचे लक्ष मोरीकडे गेले, हेही त्याबरोबर म्हणायला हवे. आपल्याकडे धुण्याभांड्याची बाई चार दिवस आली नाही की घराघरांत जे समाजचिंतन सुरू होते, त्याची जात तीच.

‘अॅज आय प्लीज’, म्हणजे ‘मनाला येईल तसे’, हे या सदराचे नाव. ३ डिसेंबर १९४३ रोजी ते सुरू झाले आणि मध्ये एक मोठा खंड पडून एप्रिल १९४७मध्ये संपले. एकूण ऐंशी लेख. ‘अॅनिमल फार्म’ आणि ‘नाइन्टीन एटी-फोर’ या दोन कादंबऱ्यांमुळे ऑर्वेल जगभर माहीत झाला. पण त्याच्या डोक्यात रोज काय चालले होते ते पाहायचे तर या सदराकडेच जावे लागते. एका लेखात तीन-चार वेगवेगळे विषय, मध्ये फक्त फुल्या. अणुबॉम्ब आणि वर्तमानपत्रांची भाषा, वंशद्वेष आणि चहा, सगळे एकाच पंगतीला.

त्याचे खरे नाव एरिक ब्लेअर. जन्म आपल्या बिहारमधल्या मोतीहारीचा, २५ जून १९०३चा. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. पुढे १९१७ साली निळीच्या शेतकऱ्यांसाठी गांधीजी त्याच मोतीहारीत उतरले, तेव्हा हा मुलगा इंग्लंडमध्ये शाळेत होता. १९२२ ते १९२७ ही पाच वर्षे त्याने ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून काढली आणि साम्राज्य म्हणजे काय ते लाठी हातात धरूनच पाहिले. म्हणून पुढे त्याच्या लिहिण्यातला साम्राज्याचा तिटकारा पुस्तकी वाटत नाही.

सदर सुरू होण्याआधीची दोन वर्षे तो बीबीसीच्या पूर्व विभागात, हिंदुस्थानसाठी कार्यक्रम तयार करण्याच्या कामावर होता. युद्धाच्या घडामोडींवरची साप्ताहिक वार्तापत्रे तो इंग्रजीत लिही आणि त्यांची भाषांतरे मराठी, गुजराती, बंगाली आणि तमिळमध्ये प्रसारित होत. म्हणजे ऑर्वेलचा मजकूर मराठी कानांवर पडला होता, फक्त तो त्याचा आहे हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हते! त्याच्या या कचेरीत एक मराठी बाईही होत्या. कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या वेणू चितळे. १९४२ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. बीबीसीच्या टेबलाभोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, उना मार्सन ही मंडळी बसली आहेत, मागे ऑर्वेल उभा आहे आणि बसलेल्यांत साडी नेसलेल्या वेणू चितळे आहेत. १९५० साली त्यांची स्वतःची इंग्रजी कादंबरी ‘इन ट्रान्झिट’ मुंबईत प्रसिद्ध झाली. एका ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ती कथा. ज्यांच्या शेजारी बसून त्यांनी काम केले त्यांच्यावर ग्रंथालये भरली; वेणूताईंचे नाव मात्र महाराष्ट्रातही फारसे कोणाला ठाऊक नाही.

बीबीसीत प्रत्येक शब्द सरकारी तपासनिसाच्या हाताखालून जाई. त्याला कंटाळून ऑर्वेलने नोकरी सोडली आणि तो ‘ट्रिब्यून’चा साहित्य संपादक झाला. संपादक म्हणून तो तसा यथातथाच. पुढे १९४७ साली त्याने स्वतःच लिहून टाकले की टेबलाचा खण उत्तर न दिलेल्या पत्रांनी आणि हस्तलिखितांनी गच्च भरलेला असे, आणि तो उघडला की घाईघाईने पुन्हा बंद करावासा वाटे. छापण्याच्या लायकीचे नाही हे कळत असूनही कित्येक लेख त्याने स्वीकारून ठेवले होते. लिहून पोट भरण्याचे हाल स्वतः भोगलेल्या माणसाला दुसऱ्याचा लेख परत पाठववत नाही.

‘ट्रिब्यून’वर संपादकीय हुकमत होती अन्यूरिन बेव्हन यांची. मजूर पक्षाचे हे खासदार मुळात वेल्समधल्या खाणीतले कामगार. पुढे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा उभी केली ती त्यांनीच. त्यांनी ऑर्वेलला मोकळे सोडले. वाचक मात्र सोडत नव्हते. गुलाबाचे पाहा. सगळ्यांवर टीकाच करता, कशाची तरी स्तुती करा, असे कोणी सुचवले म्हणून जानेवारी १९४४मध्ये त्याने वूलवर्थच्या दुकानातल्या सहा पेन्सच्या गुलाबाच्या रोपाचे गुण गायिले. युद्धापूर्वी वॉलिंग्टन या खेड्यातल्या घरापुढे त्याने ती रोपे लावली होती. याआधी फुलांचा उल्लेख केला तेव्हा एका बाईंनी रागावून पत्र पाठवले होते की फुले ही भांडवलदारी गोष्ट आहे. आज हसू येते. पण आपल्याकडच्या चळवळींतही एखाद्याने नाट्यसंगीत आवडते असे म्हटले तर कपाळाला आठ्या घालणारे होतेच.

समाजातल्या अन्यायाकडे तो कसा पाही, ते लोखंडी कुंपणाच्या गोष्टीत दिसते. लंडनमधल्या श्रीमंत वस्त्यांच्या मधोमध सुंदर बागा असतात आणि त्यांच्या किल्ल्या फक्त भोवतालच्या रहिवाशांकडे. युद्धात लोखंड हवे म्हणून १९४० साली त्यांची कुंपणे उखडली गेली आणि त्या बागांत कोणीही जाऊन बसू लागले. १९४४मध्ये तिथे पुन्हा लाकडी कुंपणे उभी राहू लागली. ऑर्वेलने त्यावर टीका करताच एका वाचकाने विचारले, म्हणजे तुम्ही चोरीचा पुरस्कार करता काय? त्याचा जबाब असा, की या जमिनी मुळात सगळ्यांच्या सामाईक होत्या; बळकट लोकांनी त्या बळकावल्या आणि नंतर वकील लावून मालकीचे कागद करून घेतले. मग चोर कोण? गायरानावर आणि वनजमिनीवर ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट मोडली गेली, त्या आपल्या गावांना हा युक्तिवाद नवा वाटणार नाही.

शब्दांविषयी त्याचे कान फार तिखट होते. डिसेंबर १९४३मध्ये त्याने लिहिले, की आपल्या एका जुन्या कादंबरीची मुद्रिते तपासताना चिनी माणसासाठी वापरलेला एक इंग्रजी शब्द जिथे जिथे आला तिथे आपण बदलला; दहा-बारा वर्षांपूर्वी तो साधा शब्द होता, आता ती शिवी झाली आहे. ही कादंबरी ‘बर्मीज डेज’. एका शब्दाने वंशद्वेष संपत नाही हे त्याला कळत होते. पण समोरच्याला जे नाव लागते ते न घेणे यात आपले काय जाते, असा त्याचा रोख. जुन्या मराठी म्हणींचा संग्रह उघडला तर पानापानावर कुठल्या ना कुठल्या जातीचा उद्धार आढळतो, आणि आपण त्या अजूनही बिनदिक्कत वापरतो.

फेब्रुवारी १९४४मध्ये त्याने वॉल्टर रॅले याची एक दंतकथा सांगितली. लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असताना रॅले जगाचा इतिहास लिहीत होता. एक खंड पुरा झाला होता. एक दिवस खिडकीखाली मजुरांची मारामारी होऊन एक जण ठार झाला. डोळ्यांसमोर घडलेल्या या मारामारीचे कारण काय, याचा रॅलेने कसून तपास केला, पण पत्ता लागेना. तेव्हा त्याने पुढचा खंड जाळून टाकला म्हणे. गोष्ट खरी असो वा नसो, ऑर्वेलला ती वेगळ्या कारणासाठी हवी होती. रॅले निदान खरे काय ते शोधत होता; आता सत्ता जे सांगेल तोच इतिहास होईल, ही त्याची भीती होती. जुनी वर्तमानपत्रे बदलणाऱ्या खात्यात काम करणारा ‘नाइन्टीन एटी-फोर’चा नायक या भीतीतूनच जन्मला.

आणि मग १ सप्टेंबर १९४४चा लेख. महिनाभरापूर्वी वॉर्साच्या पोलिश नागरिकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला होता. व्हिस्चुला नदीपर्यंत आलेले रशियन सैन्य पुढे सरकत नव्हते आणि शहर मरत होते. रशिया तर ब्रिटनचा दोस्त. त्यामुळे लंडनची बहुतेक डावी पत्रे उठाव करणाऱ्यांनाच आततायी ठरवू लागली. ऑर्वेलने आपल्याच बाजूच्या या पत्रकारांना तोंडावर सांगितले, की वर्षानुवर्षे एखाद्या सत्तेची भाटगिरी करून नंतर एकाएकी प्रामाणिक होता येत नाही. त्याच वर्षी ‘अॅनिमल फार्म’चे हस्तलिखित एकामागून एक प्रकाशक नाकारत होते, तेही रशियाला राग येईल म्हणून. नाकारणाऱ्यांत बीबीसीच्या टेबलाशी बसणारे एलियटही होते. ते पुस्तक ऑगस्ट १९४५मध्ये निघाले.

पुढच्याच आठवड्यात त्याने मुक्त झालेल्या पॅरिसमधली छायाचित्रे घेतली. जर्मनांशी संबंध ठेवल्याबद्दल डोके भादरून, चेहऱ्यावर स्वस्तिक रंगवून दोन अर्धनग्न बायकांची धिंड काढली होती आणि बघे हसत होते. नाझींनी ज्यूंचे हेच केले होते, याची आठवण त्याने विजयाच्या उन्मादातल्या वाचकांना करून दिली. विजयाच्या आठवड्यात असे लिहायला धैर्य लागते.

म्हणून त्याची प्रत्येक गोष्ट पटावी असे नाही. जर्मन शहरांवरच्या बॉम्बफेकीला व्हेरा ब्रिटनबाईंनी विरोध केला, तेव्हा युद्धात नुसते तरुणच का मरावेत, म्हाताऱ्यांनीही मरावे, असा तर्क त्याने लढवला. तो आजही घशाखाली उतरत नाही. १९४९मध्ये आजारी असताना त्याने रशियाधार्जिण्या वाटणाऱ्या अडतीस जणांची नावे ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या प्रचार विभागाला कळवली, तेही स्वातंत्र्याच्या कैवाऱ्याला शोभणारे नव्हते. आणि भांडी घासण्यावर लिहिणाऱ्या या माणसाच्या घरात त्याची पत्नी आयलीन अन्न मंत्रालयातली नोकरी करून त्याची हस्तलिखितेही टंकलिखित करी. भांड्यांचा लेख आला त्याच्या पुढच्याच महिन्यात शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती गेली. तिची बाजू सविस्तर मांडायला २०२३ साली अॅना फंडर या ऑस्ट्रेलियन लेखिकेचे ‘वाइफडम’ यावे लागले.

१९४६च्या नोव्हेंबरात सदर पुन्हा सुरू झाले तेव्हा पहिल्याच लेखात त्याने एका अमेरिकन फॅशन मासिकाची पाने मोजली. ३२५ पाने, त्यांतली राजकारण-साहित्याला पंधरा. बाकी सगळी लांबसडक, सुकुमार बायकांची चित्रे. त्या जगात कोणाचे केस पिकत नाहीत, कोणी लठ्ठ नाही, कोणी जन्मत नाही, कोणी मरत नाही आणि काम तर कोणीच करत नाही. पुढे एप्रिलमध्ये त्याने सदर थांबवले आणि स्कॉटलंडजवळच्या ज्युरा बेटावर जाऊन तो मोठ्या कादंबरीच्या मागे लागला. जानेवारी १९५०मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने तो गेला.

पाने मोजायची ही खोड जुनी. सदर बंद असतानाच्या काळात, फेब्रुवारी १९४६मध्ये, याच ‘ट्रिब्यून’मध्ये त्याने पुस्तके आणि सिगारेटी यांचा हिशेब मांडला होता. कारखान्यातले काही कामगार म्हणाले होते की साडेबारा शिलिंगांचे पुस्तक आम्हाला कुठून परवडणार? ऑर्वेल घरी आला आणि कपाटे मोजायला बसला. घरात ४४२ पुस्तके, दुसरीकडे ठेवलेली साधारण तेवढीच. पंधरा वर्षांत त्यांवर झालेला खर्च १६५ पौंड १५ शिलिंग. वर्तमानपत्रे, ग्रंथालयाची वर्गणी सगळे धरून वाचनाचा खर्च वर्षाला पंचवीस पौंडांच्या आसपास. आणि तंबाखू? आठवड्याला सहा औंस, अडीच शिलिंग औंस, म्हणजे वर्षाला जवळजवळ चाळीस पौंड! तेव्हा पुस्तके महाग म्हणून लोक वाचत नाहीत हे काही खरे नाही. कुत्र्यांच्या शर्यती, सिनेमा आणि दारूचा गुत्ता यांत जास्त मजा येते म्हणून वाचत नाहीत, असा त्याचा निर्वाळा. पगाराचा आकडा न विचारता कामगाराला हे सांगणे जरा सोपेच. पण हिशेब त्याने स्वतःचाच उघडा केला होता. त्यात ४४२ पुस्तकांची फोडही आहे: विकत घेतलेली २५१, भेट आलेली ३३, परीक्षणासाठी वा सप्रेम आलेली १४३, सध्या कोणाकडून तरी वाचायला आणलेली ५, आणि दुसऱ्यांची आणून परत न केलेली १०.