आकड्यांत हरवलेले पूर्वज

परप्रांती वा परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत दोन-तीन पिढ्यांनंतर एक प्रश्न हमखास उपस्थित होतो: आपण मूळचे कोठले? आजोबांचे नाव ठाऊक असते, पणजोबांचे ऐकीव असते आणि त्यापलीकडे सारा अंधार असतो. मी केंद्र सरकारच्या सेवेत असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे विनंतीच्या रूपाने येतो. बडोदे-इंदूरकडचे आप्त आणि अमेरिकेतले भाचे विचारतात, "आपल्याकडे जनगणना १८७२ पासून होते आहे, मग पणजोबांच्या घराचा तक्ता कोठेतरी असेलच ना?" त्यांची अपेक्षा अवाजवी नाही. अमेरिका आपल्या जनगणनेचे नावनिशीवार तक्ते ७२ वर्षांनी खुले करते. १९५० चे तक्ते २०२२ मध्ये खुले झाले. इंग्लंड-वेल्समध्ये ही मुदत शंभर वर्षांची असून १९२१ चे तक्ते तेथेही २०२२ मध्येच उपलब्ध झाले.

माझे उत्तर मात्र निराशाजनक असते. असे तक्ते आपल्याकडे जपलेलेच नाहीत. गणकाने घरोघरी जाऊन भरलेल्या तक्त्यांवरून कोष्टके तयार झाली, अहवाल छापले गेले आणि काम संपताच मूळ कागद नष्ट करण्यात आले. ग्रंथालयांत आज जे जाडजूड खंड दिसतात, त्यांत तालुक्याची लोकसंख्या मिळते, जातवार, धर्मवार आणि व्यवसायवार संख्या मिळतात. माणूस मिळत नाही. जे कागद उरले असते तेही पाहता आले नसते, कारण जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार या नोंदी पाहण्याचा हक्क कोणासही नाही आणि दिवाणी दाव्यात त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत. या गोपनीयतेला कायद्याने कालमर्यादा घातलेली नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात विचित्र काही वाटू नये. शासनाला समूह मोजायचा होता, व्यक्ती नव्हे. जेथे व्यक्तीकडून काही वसूल करायचे होते, तेथे मात्र नावे काटेकोरपणे जपली गेली. मॉरिशसला गेलेल्या करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्यांत नाव, वडिलांचे नाव, वय, जात आणि मूळ गाव आढळते. त्यांत कोकणातून मुंबईमार्गे गेलेले मराठी मजूरही आहेत. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन झाल्या आहेत. म्हणून करारात अडकलेल्या मजुराचा पणतू आपले गाव शोधू शकतो. गावातच राहिलेल्या त्याच्या भावाचा पणतू जनगणनेतून काहीही शोधू शकत नाही. शेतसाऱ्यामुळे जमीनधारकाचे नाव टिकले, भूमिहीनाचे पुसले गेले. स्त्रियांची स्थिती याहून वाईट. ब्रिटिश काळातील सूचनांनुसार घरातील स्त्रीचे नाव सांगण्यास कुटुंबाची हरकत असल्यास गणकाने तेथे केवळ 'स्त्री' असे लिहायचे होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीही सुमारे २८ लाख स्त्रिया, अमक्याची पत्नी वा तमक्याची आई एवढीच ओळख दिल्यामुळे, मतदारयाद्यांतून वगळल्या गेल्या.

हा केवळ हौसेचा विषय असता, तर एवढ्यावर थांबता आले असते. पण आपल्या देशात पूर्वजाचे नाव सापडणे हा हक्काचा प्रश्न झाला आहे. आसामात १९५१ च्या जनगणनेच्या आधारे नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही तयार झाली होती. पुढे ती अद्ययावत करताना, या जुन्या वहीत किंवा मार्च १९७१ पर्यंतच्या मतदारयाद्यांसारख्या कागदांत पूर्वज दाखवणे अर्जदारांना भाग पडले. ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ पासून न्या. संदीप शिंदे समितीच्या देखरेखीखाली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसूल, शाळा, जन्म-मृत्यू अशा दप्तरांतील मोडी आणि उर्दू कागद चाळावे लागले. जुन्या गॅझेटियरमध्ये आणि जनगणना अहवालांत संख्या होत्या, नावे नव्हती. आरक्षणाच्या वादात येथे शिरायचे नाही. मुद्दा एवढाच की आकडा कोणाचाही आजोबा सिद्ध करू शकत नाही.

मग जनगणनेचे तक्ते खुले करावेत काय? सरसकट खुले करण्यास माझा विरोध आहे. आपले उत्तर आपल्यावर उलटणार नाही, या विश्वासावर माणूस गणकाला खरे सांगतो. तो विश्वास गेला की उत्तरे बिघडतात आणि त्यावर आधारलेले नियोजनही बिघडते. दिलेले वचन मागाहून मोडणे शासनाला शोभणारे नाही.

परंतु पुढच्या गणनेसाठी नवे वचन देता येते. २०२७ ची जनगणना आपली पहिली डिजिटल जनगणना म्हणून आखली गेली आहे. कागदांचे ढीग ठेवायचे कोठे, ही जुनी सबब त्यामुळे उरत नाही. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये प्रत्येकाला विचारले: तुमची नावनिशीवार माहिती ९९ वर्षे मोहोरबंद ठेवून मग खुली करावी काय? निम्म्याहून अधिक लोकांनी होकार दिला. संमती देणाऱ्यांचीच माहिती जपायची, शंभर वर्षे ती कोणत्याही खात्याला, पोलिसांना वा न्यायालयालाही द्यायची नाही आणि हे सारे कायद्यात स्पष्ट लिहायचे, अशी व्यवस्था आपणही करावी. हा प्रश्न गणनेपूर्वी विचारायला हवा. नंतर घेतलेली संमती ही संमती नव्हे.

तोवर शोध घेणाऱ्यांनी जनगणनेचा नाद सोडून नावांच्या दप्तरांकडे वळावे: फेरफार नोंदी, गावची जन्म-मृत्यू नोंदवही, शाळेचे जनरल रजिस्टर, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यांतील पुष्कळ कागद मोडीत आहेत आणि वाळवीच्या तोंडी आहेत. मोडी वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत. या दप्तरांचे जतन आणि मोडी वाचकांचे प्रशिक्षण यांवर होणारा खर्च, एखाद्या कुटुंबाला पुराव्यासाठी कचेरीच्या घालाव्या लागणाऱ्या खेपांच्या तुलनेत, मला तरी अल्प वाटतो.