बँड फुटला, टेप उरली!

कॉलेजात तुमचा बँड होता? खरं सांगा! निदान नाव तरी ठरलं होतं ना? गिटारवाले तीन, बेसिस्ट एक, ड्रमरचा शोध चालू... आणि मग कॅम्पस इंटरव्ह्यू आले. कुणी हिंजवडीला गेलं, कुणी बंगळुरूला, एखादा थेट न्यू जर्सीला. बँडचा उरला एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यावर आता फक्त ‘हॅपी बर्थडे भावा’ पडतं. बस्स!

मनाला लावून घेऊ नका. बँड फुटण्यासाठीच असतो. पोरं मोठी होतात, इगो त्यांच्याहून मोठे होतात, घरचे लग्नाचं बघायला लागतात. आपल्याकडे इंग्रजी रॉक वाजवणारे कितीतरी बँड असेच चार-पाच वर्षांत संपले. पण त्यातल्या काहींची गाणी आज तुम्ही-आम्ही ऐकू शकतो आणि बाकीच्यांची नाही. हा फरक टॅलेंटचा नाही, बॉस. मग कशाचा? त्यासाठी जरा मागे जाऊया.

मुंबई, सत्तरचं दशक. ‘ऑल्टरनेटिव्ह’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पण रेडिओवर हिंदी सिनेमाची गाणी वाजत असताना कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ क्लबमध्ये लांब केसांची पोरं डीप पर्पल आणि जिमी हेंड्रिक्स वाजवत होती, म्हणजे ऑल्टरनेटिव्हच की! त्यातला एक बँड ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’. बेसवर कीथ कांगा, गिटारवर नील चट्टोपाध्याय, ड्रम्सवर व्हॅलेंटाइन लोबो आणि माइकवर मधुकर धस. नुसती नावं वाचली तरी मुंबई डोळ्यांसमोर येते!

त्या काळी हे प्रकरण सोपं नव्हतं. परदेशी गिटार आणि अ‍ॅम्प म्हणजे कस्टमवाल्यांची मेहरबानी. कुणाचा तरी मामा बोटीवर असेल, तरच काम होणार. रेकॉर्ड कंपन्यांचं दुकान चालायचं सिनेमावर, चार झिपऱ्या पोरांच्या इंग्रजी गाण्यात पैसा कोण घालणार? शिवाय क्लबात नाचायला आलेल्या पब्लिकला ओळखीची गाणी हवी असायची. त्यामुळे रात्रभर कव्हर्स वाजवायची आणि मध्येच हळूच आपलं एखादं सरकवायचं, हा सगळ्यांचा फंडा.

तरी या बँडने एक गोष्ट केली. ‘ऑब्सेशन ७७’ नावाचा एक एलपी काढला. एकच! त्यात हेंड्रिक्स आणि डीप पर्पलची कव्हर्स आहेत आणि बँडचं स्वतःचंही आहे. एलपी काही सुपरहिट झाला नाही. बँड संपला, मंडळी पांगली, गोष्ट तिथेच मिटायला हवी होती. पण जुन्या रेकॉर्ड्स हुडकत जगभर फिरणारे कलेक्टर नावाचे वेडे असतात. त्यांच्या हाती हा एलपी लागला आणि २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ‘नाऊ-अगेन’ या लेबलने अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचं संगीत पुन्हा बाजारात आणलं. तीसेक वर्षांनी! कुलाब्यातल्या एका क्लबाचा आवाज लॉस एंजेलिसच्या पोरांच्या हेडफोनमध्ये. आहे की नाही भन्नाट?

आता दुसरी बाजू बघा. १९७० आणि ७१ मध्ये एका सिगारेट कंपनीने ‘सिमला बीट’ नावाची बँड्सची स्पर्धा भरवली. मद्रास, कलकत्ता, शिलाँग असे कुठून कुठून बँड आले. स्पर्धेतल्या निवडक बँड्सच्या दोन एलपी निघाल्या. पुढे त्याही परदेशात पुन्हा निघाल्या आणि म्हणून त्या बँड्सची नावं आज आपल्याला माहीत आहेत. त्यातल्या कित्येकांची आयुष्यभराची कमाई म्हणजे तेवढं एखादं गाणं. पण ज्यांचं रेकॉर्डिंग झालंच नाही, त्यांचं काय? तेही कुठल्या तरी हॉलमध्ये तुफान वाजले असतील, शिट्ट्या पडल्या असतील. आज त्यांच्यातलं काहीच ऐकता येत नाही. त्यांच्यासोबत नाचलेले लोकही आता सत्तरीपार गेलेत.

हे सगळं मुंबईतच होतं असं समजू नका. मी यवतमाळची. आमच्या गावचा दुर्गोत्सव म्हणजे काय चीज आहे, हे तिकडच्यांना सांगायला नको. नऊ दिवस गाव झोपत नाही. माझा एक आतेभाऊ एका ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचा. पब्लिकला हवी सिनेमाची गाणी, मंडळवाल्यांना हवी सिनेमाची गाणी. ‘स्लिप डिस्क’सारखाच मामला, फक्त समोर बिअरऐवजी चिवडा! पण या पठ्ठ्याने मित्रांबरोबर वऱ्हाडीत एक स्वतःचं गाणं केलं होतं. कापसावर, बापावर आणि रात्रीच्या एसटीवर. एका वर्षी गर्दी पांगल्यावर, मध्यरात्रीनंतर, त्यांनी ते वाजवलं. मी शाळेत होते. अंगावर काटा आला होता, एवढं पक्कं आठवतं.

पुढे त्याला नोकरी लागली, कीबोर्डवाला नागपूरला गेला, ऑर्केस्ट्रा बंद पडला. मागच्या दिवाळीत मी म्हटलं, दादा, ते गाणं म्हण ना. त्याने टेबलावर ताल धरला, धृपद म्हटलं आणि थांबला. “चाल आठवते वं,” तो म्हणाला, “पुढचे शब्दच गेले.” कीबोर्डवाल्याला फोन लावला, त्यालाही आठवेना. चार जणांनी मिळून केलेलं गाणं आता चौघांकडे मिळूनही पूर्ण नाही. कॅसेट नाही, मोबाइलमध्ये नाही, कागदावरसुद्धा नाही.

आता कुणी म्हणेल, बँड गेला तरी माणसं राहतात की. बरोबर आहे! नंदू भेंडे आठवा. आत्माराम आणि आशा भेंड्यांचा हा मुलगा ‘वेल्वेट फॉग’ आणि ‘सॅव्हेजेस’ अशा बँड्समधून इंग्रजी रॉक गायचा. १९७४ मध्ये अ‍ॅलेक पदमसींनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ केलं, त्यात नंदू झाला ज्युडास. आणि जीझस कोण? अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचा मधुकर धस! पुढे १९७८ मध्ये पुलंनी ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिलं, जब्बार पटेलांनी बसवलं आणि नंदूचा अंकुश मराठी स्टेजवर रॉकच्या ढंगात गायला. ‘डिस्को डान्सर’मधलं कृष्णाचं गाणं? तेही त्याचंच. २०१४ मध्ये तो गेला. बँड सुटले, पण तिथे कमावलेला गळा मराठी नाटकाच्या कामी आला. तुमच्या ड्रमरचा टायमिंग सेन्स आज प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये कामी येत असेल, तर तसंच समजा!

पण माणूस आपल्यासोबत कौशल्य नेतो. गाणं मात्र मागे राहतं आणि ते सांभाळावं लागतं. टेपची ताकद बघायचीय? १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. ‘स्लिप डिस्क’मध्येही ते वाजवून गेले. याच मुंबईत त्यांनी इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत दोन गाणी रेकॉर्ड केली. स्टुडिओची टेप २०१५ मध्ये त्यांच्या ‘कोडा’ अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे निघाली. ४३ वर्षांनी! क्लबातली ती रात्र मात्र फक्त आठवणींत आणि किश्शांत. त्याच शहरात, त्याच माणसांनी वाजवलेलं संगीत. एक ऐकता येतं, दुसऱ्याबद्दल नुसतं ऐकावं लागतं.

आणखी एक उदाहरण. मुंबईचा ‘रॉक मशीन’ १९८४ मध्ये सुरू झाला. या पोरांनी कव्हर्सवर न थांबता स्वतःची इंग्रजी गाणी केली, १९८८ मध्ये पहिला अल्बम काढला, १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ असं नवं नाव घेतलं. १९९७ मध्ये बँड फुटला. पण २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळी पुन्हा एकत्र आली आणि २०१२ मध्ये नवा अल्बमही आला. परतायला घर लागतं. त्यांचं घर म्हणजे ती रेकॉर्ड केलेली गाणी.

तेव्हा, माजी रॉकस्टार्स, या वीकेंडला एक काम करा. कमबॅक नको, रीयुनियन गिग नको, ‘नोकरी सोडून म्युझिक करतो’ तर अजिबात नको. ईएमआय आहेत! फक्त तुमचं ते एक गाणं रेकॉर्ड करा. स्टुडिओ लागत नाही, बेडरूम चालते. पंखा बंद, गाद्या भिंतीला, मोबाइल मध्यभागी, एक टेक. सूर चुकला तर चुकू द्या. शब्द लिहून काढा. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, कोण काय वाजवतंय, तारीख कोणती, हे खाली टाका. फाइलला ‘न्यू रेकॉर्डिंग ४७’ असलं नाव ठेवू नका, गाण्याचं आणि बँडचं नाव द्या. आणि दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. ऑफिसच्या ड्राइव्हवर तर मुळीच नको, राजीनामा दिला की आयडी बंद आणि गाणंही गुल.

माझ्या आतेभावाला मी सांगून ठेवलंय. येत्या नवरात्रात चौघं यवतमाळला येणार आहेत. आठवतील तेवढे शब्द जमवायचे, उरलेले नवीन लिहायचे. या वेळी मोबाइल चार्ज करून मी समोर बसणार!