आधी पोरांना लस द्या

मालक कामावर गेले की त्यांची कुत्री दिवसभर सांभाळणारी पाळणाघरे पुण्या-मुंबईत निघाली आहेत. तिथे कामाला लागलेला आपल्याकडचा एक तरुण परवा दवाखान्यात आला. भांडणाऱ्या दोन कुत्र्यांमध्ये हात घातला होता. जखमेवर हळद. "काम कुणी शिकवले?" "बघून बघून शिकतोय, डॉक्टर."

ताठ शेपूट, आखडलेले अंग, गुरगुर हे बघून शिकता येते, वाचकहो. पण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. लगेच दवाखाना गाठावा. पोटातल्या १४ इंजेक्शनांची धास्ती अजून अनेकांना आहे. ती जुनी लस २००५ पर्यंत बंद झाली. आता दंडात देतात.

अशा कामगाराने कुत्रा चावण्याआधीच लसीचे तीन डोस घ्यावेत. मग पुढे चावा बसला तरी दोनच डोस पुरतात, सीरम लागत नाही. हा खर्च पाळणाघराच्या मालकाने करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कुत्र्याच्या लसीचा दाखला पाहिल्याशिवाय तिथे त्याला आत घेत नाहीत म्हणे. या पोराला लसीबद्दल कुणी विचारलेदेखील नव्हते.