पांढरी मुळे

‘वेल’ या शब्दाचे लिंग कोणते, असे वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतेच. ‘तो वेल’ म्हणा, ‘ती वेल’ म्हणा, दोन्ही चालते, असे सांगून मी पुढे सरकतो. पण वेलीचे मूळ कसे दिसते असे कुणी विचारले, तर मात्र मला खाकरावे लागेल.

आमची ताई स्कॉटलंडात, एडिंबऱ्याला राहते. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो, आणि उन्हाळ्यात पंचवीस अंशांवर गेला की लोक उकाड्याने हैराण होतात. ताईने प्रथम हौसेने मोगरा लावला. तो पहिल्याच थंडीत गेला. मग निळे कृष्णकमळ आणले. आपण त्या फुलात कौरव-पांडव मोजतो. तिकडचे लोक येशूच्या पाच जखमा आणि तीन खिळे मोजतात. ते मात्र दक्षिणेच्या भिंतीला बिलगून तगले. थंडीने वरचा पसारा वाळला, तरी बुंध्यातून पुन्हा फुटायचे.

भाऊजींचे वेड निराळेच. त्यांनी लावली ट्रोपिओलम स्पेसिओसम. नाव भारदस्त असले, तरी ही आपल्या बागेतल्या नस्टर्शियमची चुलत बहीण. माहेर चिली देशात. विल्यम लॉब नावाच्या वनस्पतिशोधकाने 19 व्या शतकात ती विलायतेत आणली. इंग्लंडच्या कोरड्या दक्षिण भागात ती रुसून बसते. स्कॉटलंडच्या ओल्या गारव्यात मात्र अशी रमली, की लोक तिला स्कॉटलंडचीच ज्वाला म्हणू लागले. परमुलखातली सून घरची झाली म्हणतात ती अशी!

तिच्या आवडीनिवडी फार. माती आम्लधर्मी, कुजलेल्या पानांची. पाय सावलीत आणि डोके उन्हात. म्हणून भाऊजींनी यू वृक्षाच्या काळपट-हिरव्या कुंपणाच्या पायथ्याशी तिचे कंद वीतभर खोल आडवे पुरले. पहिली दोन वर्षे काही नाही. तिसऱ्या वर्षी जुलैत त्या काळोख्या हिरवाईवर लालभडक फुलांच्या माळा चढल्या, त्या थेट सप्टेंबरपर्यंत. मागाहून निळी फळे. हिवाळ्यात ही बया जमिनीवर नावालाही उरत नाही, आणि घोटाळा झाला तो इथेच.

भाऊजी 2021 मध्ये गेले. मी 2023 च्या एप्रिलमध्ये ताईकडे गेलो. ती कामावर गेलेली. रिकाम्या माणसाला काहीतरी उपकार करावेसे वाटतात. कुंपणापाशी उकरले, तर पांढरी, जाडसर, काडकन मोडणारी मुळे. हरणखुरीच्या जातीचे एक चिवट तण तिकडे बागांना छळते, त्याची मुळेही पांढरीच. दोन बादल्या भरल्या. दुपारी पालिकेची कचऱ्याची गाडी त्या घेऊनही गेली.

संध्याकाळी ताई कुंपणापाशी उभी राहिली.

“इथं काय केलंस रे?”

“साफ केलं.”

“चहा ठेवते,” म्हणाली आणि आत गेली. रात्री जेवताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, “ती ह्यांची वेल होती.”

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही. नवी वेल विकत आणून देतो म्हणालो असतो, तर ते अधिकच वाईट झाले असते.

2024 च्या ऑगस्टमध्ये मोबाइलवर एक फोटो आला. यूचे तेच कुंपण, पण पलीकडून घेतलेले, आणि त्यावर लाल माळा. मुळे केव्हाच कुंपणाखालून शेजारी सरकली होती. माझे खुरपे तिथवर पोचले नव्हते. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी ताईला मुद्दाम बोलावून ती दाखवली. ताई तिथे बराच वेळ बसली होती म्हणे.

2025 च्या मार्चमध्ये त्या बाईंनी मातीच्या गोळ्यासकट एक तुकडा ताईला काढून दिला. त्या उन्हाळ्यात हातभर लांबीचे दोन कोंब आले, फूल नाही. “तीन वर्षं तरी थांबायला हवं,” ताई म्हणाली.

पुन्हा एप्रिलमध्येच येऊ का, असे मी भीतभीत विचारले.

“ये की,” ती म्हणाली, “पण ऑगस्टात ये.”