विटीदांडूचे आकडे कोणाचे ?

विटीदांडू खेळणारीं आमचीं पोरें एक, दोन, तीन असें मोजीत नाहींत. तीं वकट, लेंड, मूंड, नाल असें मोजीत आलीं आहेत. शहाणे लोक या शब्दांस पोरकट बडबड म्हणतात. पण एखाद्या तेलंगी गड्यास मोजावयास सांगा. तो ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु असें मोजील ! म्हणजे ही बडबड नव्हे, शेजाऱ्याची बोली आहे.

मग मराठी व तेलुगू या एका आईच्या लेकी काय ? मुळींच नाहीं. हे आकडे खेळांतच राहिले. बाजारांत कोणी ‘लेंड रुपये’ मागत नाहीं. ते उसने आणलेले आहेत.

आतां फारशी पाहा. संस्कृतांत सप्त, तेथें हफ्त. इकडे सिंधु, तिकडे हिंदु. इकडे सहस्र, तिकडे हजार. ‘स’च्या जागीं ‘ह’ हा नियम अनेक शब्दांत चालतो. असा नियम हीच खऱ्या भाऊबंदकीची खूण. तरीही आमचा ‘हजार’ आमच्या घरीं जन्मला नाहीं. तो फारशी दप्तराबरोबर आला. नात्यांतलाही शब्द उसना येतो, तो असा.

कधीं कधीं नातेंही नसतें, उसनवारीही नसते. तमिळांतला एट्टु आमच्या आठासारखा ऐकूं येतो. पण आमचा आठ अष्ट, अट्ठ असा उतरला. एट्टूचा सख्खा भाऊ कानडी एंटु. दोन बैल एका रंगाचे, म्हणून ते एका गाईचे ठरत नाहींत.

साऱ्या भाषा संस्कृताच्याच लेकी, ही समजूत १८१६ सालीं मद्रासेंत एलिस यानें व १८५६ सालीं कॉल्डवेल यानें खोडून काढली. दक्षिणेकडील भाषांचें घराणेंच निराळें आहे. तरी दोन शब्द जुळले कीं कुळाचा मोठेपणा सांगणारे अजून भेटतात. त्यांस आम्ही विचारतों, नियम कोठें आहे तो दाखवा !

कानडीनें सहस्रावरून साविर घेतलें, आम्हीं खेळासाठीं आकडे घेतले. शेजारधर्मांत लाज कसली ? मात्र हा खेळ आतां मागें पडत आहे, आणि हे आकडे गांवोगांव थोडेथोडे बदलतात. म्हणून वाचकहो, आपल्या गांवचीं जाणतीं माणसें कसें मोजीत, तें विचारून आजच वहींत उतरून ठेवा.