जमिनीवर जुळवायचा पंखा

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी १९७० पासून उन्हाळ्यात हौशी विमानकर्त्यांचा मोठा मेळा भरत आला आहे, आणि घरच्या गॅरेजात वर्षानुवर्षे खपून स्वहस्ते बांधलेली विमाने त्यांचे मालक स्वतःच उडवीत तेथे घेऊन येतात. या मंडळींत ज्या विषयावर हमखास वाद रंगतो तो पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा. लाकडी घ्यावा, अॅल्युमिनियमचा घ्यावा, उड्डाण चालू असतानाच पात्यांचा कोन आपोआप बदलणारा महागडा घ्यावा, की कार्बन तंतूंच्या पात्यांचा, ज्याचा कोन विमान जमिनीवर उभे असताना पाना लावून बदलता येतो, असा घ्यावा, याविषयी ज्याचे त्याचे मत वेगळे आणि ज्याचा त्याचा अभिनिवेश मात्र सारखा. प्रस्तुत लेखकाचा कौल या शेवटच्या प्रकाराला आहे.

पंखा म्हणजे वर्तुळात फिरणारे विमानाचे पंखच होत, हे राइट बंधूंना प्रथम नीट उमगले. जहाजांच्या पंख्यांचे शास्त्र आयते हाती लागेल ही त्यांची अपेक्षा फोल ठरल्यावर त्यांनी गणित स्वतः मांडले आणि १९०३ च्या विमानासाठी साडेआठ फूट व्यासाचे दोन लाकडी पंखे कोरून काढले. पात्याचा कोन कमी ठेवला तर इंजिन झटकन पूर्ण वेगाने फिरू लागते, विमान थोड्या धावेत उचलते, चढते झपाट्याने. पण सपाट उड्डाणात तेच इंजिन मर्यादेबाहेर गरगरू पाहते. कोन वाढवावा तर लांबच्या प्रवासात वेग मिळतो, परंतु धावपट्टी अर्धी सरली तरी विमान जमीन सोडायला नाखूश. घाटातही आणि सपाटीवरही एकाच गिअरमध्ये गाडी हाकावी, तशी ही अडचण आहे.

कारखान्यातून निघालेल्या विमानापुरता हा प्रश्न कारखान्यानेच शेकडो तासांच्या चाचण्यांनी सोडविलेला असतो. घरी बांधलेल्या विमानाची गोष्ट निराळी. एकाच नकाशावरून दोघांनी दोन विमाने बांधली तरी एकाच्या इंजिनावरचे आवरण बेतशीर बसते, दुसऱ्याच्या सांध्यांत फटी राहतात. एकाने चाकांवर निमुळती टोपणे चढविलेली असतात, दुसऱ्याने रंगातच कित्येक किलो वजन वाढविलेले असते. आणि म्हणून एकाला मानवणारा कोन दुसऱ्याला मानवेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. अंदाजाने मागविलेला लाकडी पंखा चुकीचा निघाला तर तो पुन्हा तासण्यासाठी कारागिराकडे पाठवावा लागतो, आणि तासून गेलेले लाकूड परत येत नसते. अॅल्युमिनियमचे पाते पिळून कोन बदलता येतो, पण तेही खास कार्यशाळेतच. विमान हवेत जाऊन स्वतःची कैफियत मांडीपर्यंत अखेरचा निर्णय लांबणीवर टाकण्याची मुभा जो पंखा देतो, तोच नव्या विमानाला योग्य, असे मला वाटते.

ही मुभा फुकटची नाही. कोन बदलायचा म्हणजे चाकांना अडसर लावावेत, प्लगला ठिणगी पुरविणाऱ्या मॅग्नेटोच्या कळी बंद कराव्यात, आणि तेवढ्यावर विसंबून न राहता स्पार्क प्लगही काढून ठेवावेत. कारण मॅग्नेटो निष्प्रभ करणारी तार आतल्या आत तुटलेली असेल तर कळ बंद दिसत असूनही नुसत्या हाताने फिरविलेला पंखा इंजिन पेटवू शकतो. मग एकेक पाते त्याच बाजूला आडवे आणून, टोकापासून ठरलेल्या अंतरावर कोनमापक टेकवून अंशाच्या दशांशापर्यंत माप घ्यायचे, पाती धरून ठेवणाऱ्या हबचे बोल्ट ढिले करून पाते किंचित वळवायचे, टॉर्क रेंचने आळीपाळीने आवळायचे, आणि शेवटी नटावरून हबपर्यंत रंगाची रेघ ओढायची, की नट तसूभर सरकला तरी रेघ तुटलेली दिसावी. दोन्ही पात्यांचे माप जुळले नाही तर सारे विमान थरथरते. सेन्सेनिक या जुन्या अमेरिकन कारखान्याने हबमध्ये ठराविक मापाच्या पिना बसविण्याची जी तजवीज केली आहे, ती मला म्हणूनच पसंत आहे. व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही-१२ वर रोटॅक्स ९१२ इंजिनाला असाच पंखा बसतो. हे इंजिन मिनिटाला ५८०० फेरे पाच मिनिटांपुरतेच सोसते, ५५०० अखंड. आणि मधल्या गिअरमुळे पंखा मात्र चोवीसशेच्या आतच फिरतो.

तंतूंची पाती हलकी असतात आणि अॅल्युमिनियमच्या पात्याप्रमाणे धातूच्या थकव्याने दगा देत नाहीत; पावसाचे थेंब मात्र त्यांची अग्रधार कुरतडतात, सबब त्या धारेवर धातूची पट्टी हवीच. रोटॅक्सवर सुखाने चाललेला पंखा लायकमिंगसारख्या, गिअर नसलेल्या मोठ्या सिलिंडरांच्या इंजिनाचे धक्के सोसेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. तेथे निर्मात्याचा त्याच इंजिनापुरता लेखी होकार घ्यावा, आणि तो मिळत नसेल तर पंख्याच्या चकाकीला भुलू नये. हवेत कोन बदलणारा पंखा अधिक कार्यक्षम, हे कोण नाकारतो? पण त्याचे वजन, त्याचा फेरे स्थिर राखणारा गव्हर्नर आणि त्याची मुदतीची दुरुस्ती पाहता रविवारी तासभर उडणाऱ्या गृहस्थाच्या बाबतीत तो बव्हंशी प्रतिष्ठेचा सोस असतो.

याबाबतीत अमेरिकन हवाई खात्याची वहिवाट मला विशेष शहाणपणाची वाटते. इंजिन व पंखा ही जोडी प्रमाणित असेल तर नव्या विमानाला २५ तासांची कसोटीची उड्डाणे, नसेल तर ४०; तीही ठरवून दिलेल्या टापूत, प्रवासी न घेता. मनासारखा पंखा लावा, त्याची किंमत हवेत मोजा, एवढेच खाते सांगते. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात सर्वांनी पाहिले, पण नोंदणी मिळाली २०१७ मध्ये, आणि तीही दप्तरांच्या दीर्घ फेऱ्यांनंतर. आपले आकाश गजबजलेले आहे, खाली वस्ती दाट आहे, ही हरकत मुंबईपुरती खरी आहे. परंतु पुढे त्याच विमानाच्या चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवरून झाल्याच. तशा चार धावपट्ट्या नेमून तेथे चाळीस तासांचा नियम लावावा. वरचे पंधरा तास म्हणजे छोट्या इंजिनाला सुमारे तीनशे लिटर पेट्रोल. ते विमानकर्ता स्वखुशीने भरील, आणि पात्यांचा कोनही तेवढ्या अवधीत ठरून जाईल.