विश्लेषण : रीलमधला तो ‘फुस्स्स’ आवाज कितीला पडतो? टर्बो गाडीला बाहेरून ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवण्याआधी हे वाचा

गिअर बदलताना ॲक्सिलरेटरवरून पाय निघतो, बॉनेटखालून ‘फुस्स्स’ असा आवाज येतो आणि मागच्या सीटवरची मंडळी ओरडतात. गाड्यांच्या रील पाहणाऱ्या प्रत्येकाच्या फीडमध्ये हे दृश्य एकदा तरी येऊन गेलेलं असतं. हा आवाज बहुतेक वेळा बाहेरून बसवलेल्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा असतो. किट काही हजार रुपयांत मिळतं आणि गॅरेजवाला दोन-तीन तासांत बसवून देतो. ‘पिकअप वाढेल’ असंही सांगतो. पिकअप वाढत नाही. मग नेमकं काय होतं?

हे वेड आत्ताच का?

कारण टर्बो पेट्रोल गाडी आता मध्यमवर्गाच्या पार्किंगमध्ये आली आहे. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १,२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असलेल्या गाडीला आपल्याकडे कमी कर लागतो. इंजिन छोटं ठेवून ताकद वाढवायची तर टर्बो हा सोपा मार्ग. २०१३ मध्ये फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आणि फोर्ड इकोस्पोर्ट, २०१७ मध्ये टाटा नेक्सॉन, २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू अशी ही रांग वाढत गेली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि मारुतीसह काही कंपन्यांनी डिझेल गाड्या बंद केल्या. टर्बो पेट्रोलला आणखी जागा मिळाली.

बॉनेटखाली काय घडतं?

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो आणि इंजिनात दाबून हवा भरतो. चालकाने पाय काढला की इंजिनाच्या तोंडाशी असलेली थ्रॉटलची पाकळी मिटते. पण टर्बो लगेच थांबत नाही, हवा ढकलतच राहतो. पुढे दार बंद, मागून गर्दी. ही हवा उलटी फिरून पंख्याच्या पात्यांवर आदळू नये म्हणून मधल्या पाइपवर एक झडप असते. दाब वाढला की ती उघडते.

हे काम करणारी सोय कंपनीने गाडीत आधीच केलेली असते. फरक एवढाच, की कंपनीची झडप ती हवा बाहेर न सोडता टर्बोच्या आधीच्या पाइपमध्ये परत पाठवते. त्यामुळे आवाज दबतो. बाहेरून बसवलेला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह तीच हवा थेट वातावरणात सोडतो. म्हणजे ग्राहक पैसे मोजतो ते जुन्याच कामाला भोंगा लावण्यासाठी.

आणखी एक गंमत. रीलमध्ये सगळ्यात जास्त चालणारा ‘स्टुटुटुटु’ आवाज बहुतेकदा ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा नसतोच. झडप नीट उघडली नाही किंवा मुद्दाम बंद केली की हवा टर्बोच्या पात्यांमधून अडखळत मागे जाते, त्याचा तो आवाज. याला कॉम्प्रेसर सर्ज म्हणतात. कमी दाबावर चालणारा टर्बो त्याने उद्याच निकामी होत नाही, पण आतल्या बेअरिंगवर ताण येतो. कंपनीने झडप दिलेली असते ती हे टाळायला, आणि काही जण नेमकं हेच ऐकण्यासाठी व्हॉल्व्हची स्प्रिंग घट्ट करून घेतात.

इंजिनाचा हिशेब कुठे चुकतो?

किती पेट्रोल सोडायचं हे गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, आत येणाऱ्या हवेवरून ठरवतो. काही गाड्यांत एअर फिल्टरच्या पुढे बसवलेला एमएएफ सेन्सर हवा मोजतो. अशा गाडीत मोजून झालेली हवा वाटेतच बाहेर सोडली, तर ईसीयूला ते कळत नाही. तो पूर्ण हवेच्या हिशेबाने पेट्रोल देतो. क्षणभर मिश्रण पेट्रोलने जड होतं, गाडी झटका देते, सिग्नलला येऊन थांबताना बंदही पडते. हे रोज होत राहिलं तर स्पार्क प्लग काळे पडतात आणि न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जातं. तो बदलणं हे व्हॉल्व्हच्या किमतीत होणारं काम नाही.

काही गाड्यांत एमएएफऐवजी एमएपी सेन्सर असतो. तो थेट इंजिनाच्या तोंडाशी दाब मोजतो, त्यामुळे हा घोळ कमी होतो. म्हणूनच ‘माझ्या मित्राच्या गाडीत काही झालं नाही’ हे खरंही असू शकतं. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे, हे गॅरेजवाल्याला आधी विचारायला हवं. पण एमएपी असला तरी बसवण्यातली चूक माफ नाही. स्प्रिंग सैल राहिली तर ऐन पिकअपला दाब गळतो. गाडी उभी असताना झडप किंचित उघडी राहिली तर तिच्यातून फिल्टर न झालेली हवा धुळीसकट आत शिरते. आपल्या रस्त्यांवरची धूळ लक्षात घेतली तर ही छोटी गोष्ट नाही.

डिझेल गाडीवाल्यांसाठी तर हा प्रश्नच वेगळा आहे. डिझेल इंजिनाची ताकद हवा अडवून नाही, तर इंधन कमी-जास्त करून ठरते. पाय काढल्यावर पेट्रोलसारखा दाब कोंडत नाही, त्यामुळे व्हॉल्व्हला कामच नसतं. डिझेलसाठी विकली जाणारी किट विजेच्या स्विचवर झडप उघडून आवाज काढतात. ते निव्वळ नाटक आहे.

पोलिसांनी पकडलं तर?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीतून आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मात्र इथे कायदा धूसर आहे. कलम ५२ मध्ये ‘बदल’ म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतला फेरफार. आरसीवर या झडपेचा उल्लेखही नसतो. मग हा फेरफार मूळ वैशिष्ट्यात मोडतो का, यावर वाद घालता येतो. पीयूसीमध्येही हा प्रकार सापडणं कठीण, कारण ती चाचणी गाडी उभी असताना होते आणि व्हॉल्व्हचा घोळ पाय काढल्यावर. सायलेन्सर बदललेल्या बुलेटवर रोड रोलर फिरवणं पोलिसांना सोपं जातं. इथे रस्त्यावर निर्णय होतो तो बहुतेकदा कानावर. त्यामुळे कारवाई मालकावर होते, किट विकणारा आणि ‘काही होत नाही साहेब’ म्हणत बसवणारा सहसा सुटतो.

दंडापेक्षा मोठा फटका वॉरंटीत बसू शकतो. पाइप कापलेला किंवा मूळ झडप काढलेली दिसली की टर्बो आणि इंजिनाचा दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं. विम्याचंही तसंच. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवायचा असतो. लपवलेला बदल अपघातानंतरच्या पाहणीत समोर आला तर दाव्यावर वाद उभा राहतो.

बाहेरची झडप बसवण्याला कधीच अर्थ नसतो, असंही नाही. ट्यूनिंग करून दाब बराच वाढवलेल्या ट्रॅकवरच्या गाडीत मूळ झडपेतला रबरी पडदा टिकत नाही. तिथे धातूच्या पिस्टनची झडप लावतात. पण समजून काम करणारे ट्यूनर तीही अनेकदा हवा परत आत पाठवणाऱ्या प्रकारचीच घेतात. तिचा आवाज येत नाही, त्यामुळे तिची रील कुणी करत नाही.

ज्यांनी व्हॉल्व्ह आधीच बसवला आहे त्यांनी मूळ झडप गॅरेजमधून परत मागून घ्यावी, गाडी विकताना लागते. आणि जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेणाऱ्यांनी बॉनेट उघडून थ्रॉटलकडे जाणारा पाइप नीट पाहावा. नवी क्लिप, वेगळ्या रंगाची रबरी नळी किंवा मधेच जोडलेली ॲल्युमिनियमची चकती दिसली, तर किमतीची बोलणी तिथून सुरू करावीत.